दारापुढचा गोल

रस्त्यावर डांबर पडायला लागलं की निम्मा गाव नाक दाबतो आणि निम्मा गाव शहाणा होतो. खडी बारीक आहे, थर पातळ आहे, मागच्या वेळचं डांबर जास्त काळं होतं, ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. त्या वर्षी मात्र शहाण्यांनाही बाहेर उभं राहवत नव्हतं. सकाळपासून असं बोचरं वारं सुटायचं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि हातातला चहा अर्धा पिऊन होईतो गार पडायचा.

चहाचं एक सोडा, डांबराचं काय करायचं? ते गरम आहे तोवरच दबतं. एरवी ट्रकमधला माल ओतून, पसरून, त्यावर रोलर फिरवायला अर्धा-पाऊण तास मिळतो. त्या वाऱ्यात पंधरा मिनिटंही मिळेनात. आणि थंड झालेल्या थरावर रोलर फिरवणं म्हणजे झोपलेल्याला उपदेश करणं. वरून गुळगुळीत दिसतो, आत पोकळ राहतो.

रोलर चालवणाऱ्याला सगळे इस्त्री म्हणायचे. आपण दाबलेल्या रस्त्यावर वीस वर्षांत पाण्याचं डबकं साचलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि दुसरं कुणी सांगायच्या आत सांगायचा. त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं. संध्याकाळी जेवायला बसला तरी हात थरथरत असायचे, पाण्याचा तांब्या तोंडाशी नेईपर्यंत चार थेंब सांडायचे. पण रोलरवर बसला की मानेत असा ताठा यायचा की बघत राहावं. बायको त्याच टोळीत होती. पायात जुने बूट, बुटांवर गोणपाट गुंडाळलेलं, तोंडाला फडकं, आणि हातात दाताळं. गरम माल ओढून सारखा करायचं काम तिचं. दिवसभर पोटऱ्या भाजायच्या आणि पाठ गारठायची.

त्यांचं घर ह्याच रस्त्याच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर. त्या खोलीत इस्त्रीची आई खाटेवर पडून असायची. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला, तेव्हापासून कंबरेखाली काही उरलं नव्हतं. कान आणि जीभ मात्र शाबूत. तीही उमेदीत रस्त्याच्या कामावर होती. तेव्हा असले रोलर सगळीकडे नसायचे. दुरमूस असायचा, लाकडी दांड्याला खाली लोखंडी गड्डा. दोन्ही हातांनी उचलायचा आणि आपटायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हातारीचे खांदे अजून पुरुषासारखे रुंद होते.

काम घराजवळ आलं त्याच्या आदल्या दिवशी तिनं मुलाला हाक मारली.

"उद्या दारात येणार ना तुझं ते धूड?"

"येणार."

"दारात आलास की त्याची धडधड बंद कर."

"आई, नुसत्या वजनानं दबत नाही ते. व्हायब्रेटर लावावाच लागतो."

"दबेल तेवढं दबू दे. माझ्या हाडांना सोसत नाही."

इस्त्री हसला. "म्हणजे सगळा रस्ता कडक आणि माझ्याच दारात पोचट? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत," म्हातारी म्हणाली. "तू बंद करशील."

आईपुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी आल्यावर त्यानं बटण दाबलं. इतका वेळ छातीत घुमणारी धडधड एकदम थांबली. घर मागे पडलं, पलीकडचा खांब आला आणि ती पुन्हा सुरू झाली. टोळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. पायांच्या तळव्यांना कळतं ते. तिनं दाताळं ओढणं चालू ठेवलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी तपासणीवाली आली. पंचविशीची, एकटी, स्कूटरच्या मागे पेटी बांधलेली. पेटीत तिचं यंत्र. उभा दांडा, खाली ताटाएवढी गोल चकती. टोळीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव थाळी ठेवलं होतं. ती थाळी रस्त्यावर ठेवायची, बटण दाबायचं, चार अंक मोजेपर्यंत थांबायचं, की वर आकडा यायचा. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. ब्याण्णवच्या वर असला म्हणजे माल घट्ट बसला.

"पूर्वी ह्यासाठी रस्त्याला भोक पाडून तुकडा काढायला लागायचा," ती सगळ्यांना सांगायची. "आता न फोडता आतलं कळतं."

"माणसाला लावायची सोय आहे का?" टोळीतल्या एकानं विचारलं होतं. "सासऱ्याला लावायची आहे."

त्या दिवशी खांबाच्या पुढे आल्यावर आकडा उतरला. नव्वद. पुन्हा नव्वद. तिनं मान वर करून रोलरकडे पाहिलं. इस्त्री दुसरीकडे बघत होता. मग अगदी दारासमोर आल्यावर ती थांबली. थाळी उचलली, हातभर सरकवून ठेवली. शहाऐंशी. तिनं खिशातून खडू काढला. जिथे जिथे आकडा नव्वदच्या खाली जाईल तिथे एक फुली. हातभर इकडे, हातभर तिकडे, मध्ये, कडेला. अर्धा तास ती गुडघ्यांवर सरकत होती. शेवटी उठली, गुडघे झटकले आणि चार पावलं मागे गेली.

फुल्यांचा गोल झाला होता. वाकडातिकडा डाग नाही, स्वच्छ गोल, कुणी मुद्दाम दोरी धरून आखावा तसा. टोळीतले हातातलं काम टाकून बघायला जमले. वारं तेवढं वाहत होतं.

बायको पाणी प्यायला घरात गेली तेव्हा म्हातारी तोंड भिंतीकडे करून पडली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. थाळी कमी दाखवतेय आपल्या दारात."

"गोल आहे ना?"

बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. खिडकी बंद होती. दारावर पडदा होता.

"आठ हात असेल," म्हातारी म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. हे साहेब ओरडत नसत, हसत. ते जास्त वाईट. त्यांनी फुल्या पाहिल्या, घर पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं.

"काय इस्त्री, स्वतःच्या दारात हात आखडतोस होय?"

"थर लवकर गार झाला, साहेब."

"खांबापासून खांबापर्यंतच गार झाला? हुशार दिसतं वारं." टोळी हसली. हसावंच लागतं. "उतर खाली. बूट काढ. चाल जरा ह्याच्यावर, पायाला कळू दे काय करून ठेवलंयस."

बेचाळीस वर्षांचा माणूस सगळ्यांसमोर बूट काढून अनवाणी रस्त्यावर चालला. बायकोनं खाली मान घातली, पण कानांनी त्याची पावलं मोजली. गोलात गेल्यावर तो थबकला. मग घाईघाईनं पलीकडे गेला.

साहेबांनी निकाल दिला. थंड झालेला थर आता दबायचा नाही. परवा सकाळी ह्याच्यावर दुसरा गरम थर, आणि तो इस्त्रीनंच दाबायचा, व्हायब्रेटर पूर्ण लावून, आठ फेऱ्या. तरी आकडा चढला नाही, तर रोलरवर दुसरा माणूस.

संध्याकाळी इस्त्री पाय शेकत बसला. "एक सांगू?" तो बायकोला हळूच म्हणाला. "सगळा रस्ता पायाला कोमट लागत होता. अजून ऊब होती त्यात. त्या गोलात पाय टाकला आणि..."

"आणि काय?"

"विहिरीच्या पायरीवर पाय टाकावा तसं गार."

पुढच्या खोलीत म्हातारीच्या खाटेची कुरकुर झाली. तिनं ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको झाडायला दारात आली आणि झाडू हातात धरून उभीच राहिली. रात्रभर दव पडलं होतं. नवा रस्ता काळाकुळकुळीत, कोरडा. आणि त्यात तो गोल तेवढा पांढुरका, दवानं भिजलेला. खडूच्या फुल्या ओल्या होऊन पसरल्या होत्या. शेजारचं कुत्रं रस्ता ओलांडत होतं, ते गोलाच्या कडेला आलं, हुंगलं आणि वळसा घालून गेलं. कुत्र्याचं काय, कुत्रं कशालाही वळसा घालतं, असं तिनं मनाला सांगितलं. मन काही ऐकेना.

तपासणीवाली लवकर आली. "ओल असली की यंत्र चुकतं," ती म्हणाली. तिनं फडक्यानं गोल कोरडा पुसला, ऊन येईपर्यंत वाट पाहिली, पुन्हा पुसला आणि थाळी ठेवली. बायको बाजूला उभी होती. चौऱ्यांशी.

"काल शहाऐंशी होता ना?"

"हो." तिनं थाळी गोलाबाहेर ठेवली. नव्वद, कालच्याइतकाच. आत ठेवली. चौऱ्यांशी. "असं होत नसतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "एकदा गार झाला की थर आहे तसा राहतो. आपोआप सैल होत नाही. खालून कुणी ओढल्याशिवाय."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं आणि दोघी एकमेकींकडे पाहून उगाच हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं.

तपासणीवाली पाणी प्यायला घरात आली. म्हातारीनं तिला खाटेच्या कडेवर बसवून घेतलं, यंत्राची सगळी चौकशी केली, चकतीवरून हात फिरवून पाहिला.

"तुझी थाळी आकडा सांगते," ती म्हणाली. "आमच्या वेळी जमीनच सांगायची."

"कशी हो, आजी?"

"आम्ही दोघी बहिणी टोळीत होतो. दुरमूस मारायचो. भर सैल असला की मार आतच जिरतो, थप्प असा आवाज येतो, निर्जीव. मारत राहायचं. मग एका टप्प्याला खालून मार परत येतो. तळहाताला कळतं. मुकादम म्हणायचा, जमीन उत्तर देईपर्यंत मारा. उत्तर आलं की थर बसला, पुढे सरका."

"बरोबर आहे की. आमचं पुस्तकही तेच सांगतं." तपासणीवालीला मजा वाटली. "आणि तुमची बहीण? त्या कुठे असतात?"

"पळाली."

म्हातारीनं हे असं म्हटलं की पुढे कुणी विचारू नये. ह्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. धाकटी मावशी टोळीच्या पाणीवाल्याबरोबर पळाली, बापानं तिचं नाव टाकलं, आई झुरून मेली. इस्त्री लहानपणी कुठे उशिरापर्यंत भटकला की त्याला ऐकवलं जायचं, मावशीच्या वळणावर जाऊ नकोस.

"आजी, इथे दारासमोर रस्त्याच्या आधी काय होतं?"

"रस्त्याच्या आधी रस्ताच होता."

तपासणीवाली गेली. दुपारी इस्त्री दूर पुलाकडच्या कामावर होता. आपल्या दारात कुठलंच यंत्र चालू नव्हतं. बायको मागच्या खोलीत भांडी घासत होती. पुढच्या खोलीत काठी वाजली. टक, टक. म्हातारीला काही हवं असलं की ती जमिनीवर काठी आपटायची. बायको हात पुसत उठली. दारात पोचण्याआधी पुन्हा आवाज आला. टक, टक. पण हा दबका होता आणि कानानं नव्हे, टाचांना ऐकू आला.

ती खोलीत गेली. म्हातारीची काठी भिंतीला टेकवलेली होती. तिचे दोन्ही हात पांघरुणाखाली होते.

"आई, काठी वाजवलीत?"

"एकदा."

"मी दोनदा ऐकली."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेतली भीती बायको आयुष्यात विसरली नाही. मुलगा लहानपणी तापानं फणफणला तेव्हा, नवरा गेला तेव्हा, खुबा मोडला तेव्हाही ही बाई घाबरलेली कुणी पाहिली नव्हती.

"आज काय म्हणाली थाळी?"

"चौऱ्यांशी."

"काल?"

"शहाऐंशी."

म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. तोंडाजवळ नेलेला घास तिनं परत ताटात ठेवला. संध्याकाळी मुलगा आल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या त्या रोलरवर बसू नकोस."

इस्त्री भडकला. "तुझं ऐकलं म्हणून सगळ्यांसमोर अनवाणी चाललो! आता आकडा चढवून दाखवला नाही तर मला हातगाडी ओढायला लावतील. तू पड गुपचूप."

आयुष्यात पहिल्यांदा तो आईशी असं बोलला होता. बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं, पण त्यानं शब्द मागे घेतले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ त्याला आईकडूनच आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा एक्क्याऐंशी. तपासणीवालीनं साहेबांना विनवलं, आज थर टाकू नका, आधी एक भोक पाडून खाली काय आहे ते बघू. साहेब हसले.

"न फोडता कळतं म्हणून तर तुमचं यंत्र घेतलं, मॅडम. आता तुम्हीच फोडायचं म्हणता?"

ट्रक आला. काळा, वाफाळणारा माल दारासमोर उलटला. वाऱ्यानं वाफ घरात शिरली. टोळीनं भराभर माल पसरला, बायकोनं दाताळ्यानं ओढला. गोल झाकला गेला. लांबून रोलर निघाला, खांबाच्या अलीकडूनच त्याची धडधड सुरू झालेली. ह्या वेळी ती थांबणार नव्हती.

घरातून हाक आली. हाक कसली, किंकाळीच. बायको दाताळं घेऊनच आत धावली. म्हातारी खाटेवरून खाली पडली होती. कोपरांवर सरकत ती दारापर्यंत येत होती, मागे लुगडं फरफटत होतं. तिनं सुनेचं मनगट धरलं. दुरमूस मारलेला पंजा होता तो.

"थांबव त्याला. खाली विहीर आहे."

"काय?"

"विहीर आहे! फांद्या कोंबून वर भर घातलाय. झाकण तेवढं आहे. जा!"

बायको धावली. ओरडली, पण त्या धडधडीत कुणाला ऐकू येणार, आणि त्यातून त्याचा तो कान. गरम थरावर रोलर कधी थांबवायचा नसतो, थांबला तिथे खड्डा पडतो, हा इस्त्रीचा धर्म होता. नुसत्या हातवाऱ्यांनी तो थांबला नसता. तिनं दाताळं उचललं आणि त्याच्या चाकापुढे आडवं फेकलं. लोखंड चाकाखाली जाऊन कडकड वाजलं. त्यानं करकचून थांबवलं. गोलाची कड अजून दोन हात लांब होती.

"वेड लागलं का तुला!" तो वरून ओरडला. साहेबही हसायचे थांबून धावत आले.

"खाली विहीर आहे," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आई सांगतायत. व्हायब्रेटर बंद करा. आधी तो बंद करा."

कुणी काही बोलण्याआधी आवाज आला. मोठा नव्हता. भरल्या पोटानं कुणी सुस्कारा टाकावा तसा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाफाळणारा थर गोलात बोटभर खाली बसला. गोलाच्या कडेनं एक बारीक चीर फिरत गेली आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली.

इस्त्रीनं बटण दाबलं. मग इतक्या हळू रोलर मागे घेतला की झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढत असावा. खांबाच्या पलीकडे गेल्यावर तो उतरला आणि चाकाला धरून उभा राहिला.

तपासणीवालीनं कुणाला विचारलं नाही. भोक पाडायचं यंत्र आणलं, गोलाच्या कडेला लावलं. वीतभर गेलं. हातभर गेलं. मग एकदम हलकं झालं आणि तिच्या हातांतून खाली सटकलंच, दोघांनी धरलं म्हणून वाचलं. वर ओढलं तेव्हा मुठीएवढ्या भोकातून वारा आला. गार, कोरडा, जुन्या पानांच्या वासाचा. वर एवढं वारं सुटलेलं असताना तो वेगळा ओळखू येत होता.

तोवर इस्त्रीनं आईला खुर्चीत घालून बाहेर आणलं होतं. तिच्या कोपरांतून रक्त येत होतं.

"कुणी बुजवली ही, आजी?" साहेबांनी विचारलं. आवाज मवाळ झाला होता.

"आम्ही. दगडानं भरायची होती. तेवढा दगड नव्हता आणि दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते. मुकादम म्हणाला, फांद्या तोडा, कोंबा, वर दोन हात मुरूम टाका आणि असा ठोका की कळता कामा नये. कळलं नाही. मोठ्या साहेबांनी टाचेनं दाबून पाहिलं, पहार आपटली. म्हणाले, काम चोख आहे. झाकण मी बसवलं होतं ना."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

म्हातारी भोकाकडे बघत होती. "कोरडी विहीर. आत उतरायला पायऱ्या होत्या, खाली बाजूला विटांचा कोनाडा होता, चांगला माणूस बसेल एवढा. उन्हाळ्याचे दिवस. दुपारच्या सुट्टीत बायका तिथे जाऊन पडायच्या. गार असायचं." ती थांबली. "धाकटीला झोप फार. कुठेही डोळा लागायचा."

टोळीतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला.

"सुट्टी संपली. मुकादमाची घाई. कुणी आत वाकून बघितलं नाही. फांद्या ढकलल्या, मुरूम ओढला, मी दुरमूस घेतला. वीस-पंचवीस घाव झाले नसतील, खालून उत्तर यायला लागलं. मी एक मारला की खालून एक. मी थांबले तरी एक. मुकादमाला म्हटलं, इतक्या लवकर कसं उत्तर येतंय? तो म्हणाला, हात चांगला आहे तुझा. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी आणखी जोरात मारलं."

इस्त्री आईच्या पायांशी खाली बसला.

"संध्याकाळी धाकटी नाही. पाणीवालाही त्याच दिवशी काम सोडून गेला होता. सगळे म्हणाले, पळाली. मीही म्हटलं, पळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन इथे कान लावला तर उत्तर येतच होतं. मी मनाला सांगितलं, भर बसतोय. संध्याकाळी आले तेव्हा बंद झालं होतं. म्हटलं, बसला. मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. लग्न झाल्यावर ह्यांना म्हटलं, घर बांधायचं तर इथेच. लोक म्हणाले, बाई रस्त्याच्या कडेला कशाला बसतेय, धूळ खायला."

त्या दिवशी रस्त्याचं काम थांबलं. विहीर हातानंच उपसायची ठरली, कारण यंत्र जवळ न्यायची कुणाची छाती होईना. टोळीतली माणसं कंबरेला दोर बांधून आळीपाळीनं उतरली. मुरमाचं झाकण फोडायला पहार लागली, इतकं ते घट्ट होतं. खाली फांद्यांचा भुगा झाला होता आणि झाकणाच्या खाली दोन पुरुष उंचीची पोकळी. म्हातारी दोन दिवस दारात खुर्चीवर बसून होती. सून तिला घोटघोट दूध पाजायची. जाणारे-येणारे थांबायचे, तेव्हा म्हातारी प्रत्येकाला थांबवून सांगायची, "माझी बहीण पळाली नव्हती." ज्यांना ती बहीण माहीतही नव्हती त्यांनाही सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोनाडा लागला. शेवटी इस्त्री स्वतः उतरला. बराच वेळ तो वर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात एका जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं, फार लहान. त्यानं ते आईच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्यावर दोन्ही हात ठेवले, उघडलं नाही.

"कुठे होती?"

"कोनाड्यातच. भिंतीला टेकून."

"हातात काही होतं?"

इस्त्रीनं गाठोड्याकडे पाहिलं. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग मला," म्हातारी म्हणाली.

"दगड होता. डोक्यावरच्या विटांना ठोकून ठोकून खळगा पडलाय."

"वीट कच्ची की भाजलेली?"

"भाजलेली."

"किती खोल?"

त्यानं बोट पुढे केलं आणि अंगठ्यानं दुसऱ्या पेरावर खूण दाखवली. म्हातारीनं ते बोट हातात धरलं, डोळ्यांजवळ नेलं, पेरं चाचपली. आयुष्यभर तिनं ठोकण्याचंच काम केलं होतं. कशात किती मार खपतो, किती वेळात किती खोल जातं, हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती.

"चार दिवस," ती म्हणाली. मग मुलाचं बोट सोडून तिनं सुनेकडे पाहिलं. "मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान लावला ना, तेव्हा ती झोपली असेल गं. मी तिसऱ्या दिवशी आलेच नाही."